मोबाईलच्या लुडोत सहा का पडत नाही?

"फसवायलंय बे हे!" सोलापुरात मोबाईलवर लुडो खेळणाऱ्यांच्या घोळक्याजवळ थोडा वेळ उभं राहा, हे वाक्य कानावर पडतंच. मग ते जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या दारात बसलेले चौघं असोत, नाहीतर मे महिन्यात दुपारी लाईट गेली म्हणून जिन्यातल्या गार फरशीवर पसरलेली भावंडं. आरोप ठरलेला आहे. आपल्याला पाहिजे तेव्हा सहा पडत नाही, आणि समोरच्याला मात्र आपली सोंगटी मारायला लागतो नेमका तेवढाच आकडा पडतो. कुणी हे मराठीत म्हणतं, कुणी तेलुगूत, कुणी कन्नडमध्ये. मजकूर तोच.

मी कॉम्प्युटरचे क्लास घेते. प्रोजेक्टला लुडो घेणारं कुणीतरी दर वर्षी असतंच, कारण नियम पाठ असतात आणि वरून काम सोपं वाटतं. त्यामुळे हा खेळ आतून कसा चालतो ते बघायची सवय झाली आहे. आरोप खरा की खोटा हे ठरवायचं तर आतला कारभार माहीत हवा.

आधी पट. चार रंगांचा तो पट, मधला चौकोन, तारे, हे सगळं फक्त आपल्या डोळ्यांसाठी असतं. प्रोग्रामला पट दिसत नाही, त्याच्याकडे दर सोंगटीमागे एक आकडा असतो. सोंगटी घरात बसलेली असेल तर ०. सहा पडून बाहेर आली की १. बाहेरच्या फेरीत एकूण ५२ घरं असतात, त्यांपैकी ५१ घरं प्रत्येक सोंगटी चालते. स्वतःच्या सुरुवातीच्या घराच्या लगेच मागचं घर तिला कधीच लागत नाही, कारण त्याआधीच ती आपल्या रंगाच्या गल्लीत वळते. गल्लीतली पाच घरं म्हणजे ५२ ते ५६, आणि ५७ झाला की सोंगटी पिकली. चार खेळाडू, प्रत्येकी चार सोंगट्या, म्हणजे अख्खा डाव फक्त सोळा आकड्यांत मावतो. तुम्ही गेम मध्येच बंद करून रात्री परत उघडता तेव्हा डाव जिथल्या तिथे सापडतो, कारण जपून ठेवायचे असतात ते हे सोळा आकडे आणि पाळी कुणाची, एवढंच.

आता एक अडचण येते. लाल सोंगटीचा ३० आणि हिरवीचा ३० ही पटावरची एकच जागा नव्हे, कारण दोघींची सुरुवात वेगळ्या कोपऱ्यातून होते. म्हणून प्रोग्राम लालच्या सुरुवातीला पहिलं घर धरतो आणि बाकीच्यांच्या आकड्यांत भर घालतो: हिरव्यासाठी १३, पिवळ्यासाठी २६, निळ्यासाठी ३९. बेरीज ५२ च्या वर गेली तर त्यातून ५२ वजा. हिरवी सोंगटी तिच्या १७ व्या घरात असेल तर १७ अधिक १३, म्हणजे ३०. निळी तिच्या ४३ व्या घरात असेल तर ४३ अधिक ३९ म्हणजे ८२, त्यातून ५२ गेले, उरले ३०. लाल, हिरवी, निळी तिघी एकाच घरात! मग हे घर ताऱ्याचं किंवा सुरुवातीचं आहे का, ते बघायचं. अशी सुरक्षित घरं आठ असतात. नसेल, तर शेवटी आलेली सोंगटी आधीच्या सोंगटीला मारते, म्हणजे मेलेलीच्या नावापुढचा आकडा परत ० होतो. पोरांचा प्रोजेक्ट अडकतो तो बहुतेक वेळा या बेरीज-वजाबाकीत. चित्र छान हलतं, आवाज येतो, आणि निळी सोंगटी शेजारच्या रिकाम्या घरातल्या हवेला मारते.

पटाचं एवढं पुरे. खरं भांडण फाशाचं आहे.

फाशावर बोट ठेवलं की तो गरगर फिरतो, उड्या मारतो, थांबतो. तो सगळा देखावा. बहुतेक गेममध्ये बोट टेकताक्षणी आकडा ठरून गेलेला असतो, फिरणं नंतर दाखवतात. तेव्हा मोबाईलवर फुंकर मारणं, हळूच दाबणं, बोट बराच वेळ दाबून ठेवणं, हे उपाय करणाऱ्यांनी खुशाल करावेत, फासा काही ऐकत नाही.

आकडा ठरतो कसा? कॉम्प्युटर हे सांगितलं तेवढंच करणारं यंत्र. "मनाला येईल तो आकडा सांग" असं त्याला सांगता येत नाही. म्हणून त्याला गणिताची एक कृती देतात. कागद-पेन घेऊन तुम्हीही करून बघा. ७ घ्या. त्याला ३ ने गुणा, ३१ ने भागा, बाकी लिहा: २१. २१ ला परत ३ ने गुणा, ६३, ३१ ने भागून बाकी १. मग ३, मग ९, मग २७, मग १९, २६, १६, १७. आता यातल्या प्रत्येकाला ६ ने भागून जी बाकी उरेल तिच्यात १ मिळवा, की झाला फासा. बघा काय पडतं: ४, २, ४, ४, ४, २, ३, ५, ६. लागोपाठ तीन वेळा चार, आणि पहिला सहा थेट नवव्या वेळी! हा डाव कुणाच्या नशिबी आला असता तर "फसवायलंय" म्हणून त्याने फोन आपटला असता. पण इथे फसवणारं कुणी नाही, निव्वळ गुणाकार-भागाकार आहे. वर, ही कृती तीस वेळा केली तर प्रत्येक आकडा बरोबर पाच-पाच वेळा येतो. अशा गुणाकाराच्या कृतीची कल्पना अमेरिकन गणिती डी. एच. लेमर यांनी १९४९ साली मांडली. त्यांचे आकडे अर्थातच फार मोठे होते.

आपल्या छोट्या कृतीत खोट एकच, तिसाव्या आकड्याला ७ परत येतो आणि तीच रांग पहिल्यापासून सुरू होते. सोलापुरी चादर जॅकार्डच्या मागावर बघितली असेल त्यांना हे लगेच कळेल. पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या पत्त्यांची माळ वर फिरत असते. कुठे भोक आहे त्यावर ताण्याचा कुठला धागा उचलायचा ते ठरतं. शेवटचा पत्ता संपला की पहिला पत्ता परत येतो, म्हणून चादरीवरचा मोर ठरावीक अंतराने पुन्हा उमटतो. माळ इतकी लांब केली, की जगातल्या सगळ्या चादरी विणून झाल्या तरी पहिला पत्ता परत यायचा नाही, तर बघणाऱ्याला नक्षी सापडेल का? संगणकातले फासे असेच लांब माळेचे असतात. जपानचे माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेली 'मर्सेन ट्विस्टर' ही कृती पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत आजही वापरात आहे. तिची माळ किती पत्त्यांची, तो आकडाच ६,००२ अंकी आहे.

राहिला प्रश्न माळ कुठल्या पत्त्यापासून सुरू करायची. दर वेळी ७ पासूनच सुरू केली तर रोज तोच डाव. म्हणून सुरुवातीचा आकडा बाहेरून घेतात. जुन्या साध्या गेममध्ये घड्याळातली वेळ घेत. आताच्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्स प्रणाली असते. फोनच्या निरनिराळ्या भागांकडून संकेत नेमके कधी येतात, त्या वेळांतले बारीक फरक ती सतत गोळा करत असते. हे फरक कुणालाच आधी सांगता येत नाहीत. त्यांतून सुरुवात होते.

इथे एक बारीक खोच आहे, आणि ती चांगल्या चांगल्या पोरांच्या लक्षात येत नाही. समजा फोनने ० ते २५५ मधला एक आकडा दिला आणि त्याला ६ ने भागून बाकीवरून फासा ठरवला. एकूण आकडे २५६, आणि २५६ ला ६ ने पूर्ण भाग जात नाही. ४२ सहे २५२, उरले चार. ते चार वरचे आकडे फाशाच्या १, २, ३, ४ या बाजूंच्या वाट्याला जातात. म्हणजे या चौघांना ४३ संधी, तर ५ आणि ६ ला ४२. सहाची शक्यता १६.६७ टक्के असायला हवी, ती १६.४१ होते. फरक किरकोळ आहे, पण सहावरच खेळ उभा असताना सहालाच कमी देणं बरं नव्हे. उपाय साधा: २५२ किंवा वरचा आकडा आला तर टाकून द्यायचा आणि नवा मागायचा.

एवढी काळजी घेऊनही सहा पडत नाही, असं का वाटतं? कारण "सहा वेळा टाकला की एकदा तरी सहा पडायलाच पाहिजे" हा हिशोब मुळातच चुकीचा आहे. एका खेपेला सहा न पडण्याची शक्यता सहात पाच. सहा खेपांत एकदाही न पडण्याची सुमारे ३३ टक्के, म्हणजे दर तिघांतल्या एकाच्या वाट्याला हे येणारच. पहिल्या दहा पाळ्यांत एकदाही सहा न पडण्याची शक्यता १६ टक्के. एकट्यापुरतं बघितलं तर कमी वाटते. पण खेळायला चौघं बसतात. चौघांपैकी निदान एकजण दहा पाळ्या घरातच कुजत बसेल याची शक्यता काढा, ती ५० टक्क्यांच्या किंचित वर जाते. म्हणजे दर दोन डावांत एकदा कुणीतरी रडणार, आणि ते फाशाच्या प्रामाणिकपणाचंच लक्षण आहे.

पुठ्ठ्याच्या पटावर हे जाणवायचं नाही, याला माझ्या मते दोन कारणं आहेत. एक म्हणजे फोनवर डाव भराभर होतात. जितके डाव जास्त, तितके विचित्र प्रकार जास्त दिसतात. दुसरं म्हणजे पुठ्ठ्यावर आपण सरळ सरळ नियम वाकवायचो. फासा पटाच्या कडेला तिरका टेकला, "कच्चा, परत टाक". धाकट्याची सोंगटी निघेना, "जाऊ दे, त्याला एकावर सोड". आजी खेळत असेल तर तिचा पाच कधी सहा व्हायचा हे तिलाच ठाऊक. मोबाईलला हा लिंबू-टिंबूचा नियम माहीत नाही.

मारलं जाण्याचंही असंच आहे. शत्रू एक घर मागे असला की जीव खालीवर होतो, सहा घरं मागे असला की जरा निवांत वाटतं. एकाच फाशावर हे दोन्ही सारखेच धोक्याचे, सहात एक. सातवं घर मात्र फार वेगळं: तिथे यायला आधी सहा आणि मग एक लागतो, शक्यता छत्तिसात एक. शत्रूपासून सहा घरांवर थांबायचं की सात, हा प्रश्न पडला तर सातवर थांबणं सहापट सुरक्षित आहे. तरीही लोक सहावर थांबतात, हे मी रोज बघते.

'एकाच फाशावर' हे मुद्दाम म्हटलं. लुडो हा आपल्या पचिसीचा विलायतेत सोपा करून आलेला अवतार, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. कवड्या गेल्या, फासा आला, आणि त्यासोबत खेळाचं गणितही बदललं. आपल्याकडे घराच्या फरशीवर खडूने पंचवीस चौकटी आखून खेळतात तो चल्लस घ्या, काही घरांत त्याला चौकाबारा म्हणतात. चार चिंचोके एका बाजूने दगडावर घासून पांढरे करायचे. जितके पांढरे वर, तितकं दान. चारही पांढरे तर चार, चारही काळे तर आठ. माझ्याकडच्या एका मुलीने याचाच गेम करायला घेतला आणि १, २, ३, ४, ८ यांतून एक आकडा सरळ निवडला. गेम चालला, पण तिच्या आजीने दोन डाव खेळून सांगितलं, "हे आपलं चल्लस नव्हे, इथं आठच आठ पडायलेत." आजीचं बरोबर होतं. चार चिंचोके सोळा प्रकारे पडू शकतात. त्यांतले सहा प्रकार दोनचे, चार एकचे, चार तीनचे, चारचा एकच आणि आठचाही एकच. म्हणजे आठ पडण्याची शक्यता सोळात एक, आणि गेममध्ये ती पाचात एक झाली होती, तिपटीहून जास्त. दुरुस्तीला वेळ लागला नाही: चार वेगळे चिंचोके उडवायचे आणि पांढरे मोजायचे. चिंचोका एका बाजूने सपाट, दुसरीकडून फुगीर, त्यामुळे खरे चिंचोके निम्मे-निम्मे पडतच नाहीत, पण त्या खोलात आम्ही गेलो नाही.

समोर माणूस नसेल तर कॉम्प्युटर स्वतः खेळतो. तो काय विचार करतो? सगळ्यात साध्या गेममध्ये विचार नसतोच, यादी असते: मारता येत असेल तर मार, नाहीतर सोंगटी पिकव, नाहीतर सहा असेल तर नवी बाहेर काढ, नाहीतर पुढची सोंगटी चालव. यापेक्षा शहाणा गेम प्रत्येक चालीचा फायदा-तोटा मोजतो. समजा तुमची एक सोंगटी ४५ घरं चालून आली आहे आणि तिच्या मागे तीन आणि पाच घरांवर शत्रूच्या दोन सोंगट्या टपून आहेत. फासा असा पडला की एक तर हिला ताऱ्यावर नेता येईल, नाहीतर दुसरीकडे नुकत्याच बाहेर आलेल्या, चारच घरं चाललेल्या शत्रूला मारता येईल. आपल्यातले दहापैकी नऊजण मारतील, कारण मारण्यात मजा आहे. हिशोब बघा. मारून शत्रूचं नुकसान चार घरांचं, आणि परत सुटायला सहाची वाट बघणं. न हलवता ठेवलेली सोंगटी तीन किंवा पाच पडला की मेली, सहात दोन. ४५ च्या एक तृतीयांश, म्हणजे सरासरी पंधरा घरं आपण डावावर लावली. कॉम्प्युटर निमूट ताऱ्यावर जातो. शत्रूच्या दुसऱ्या सोंगट्या बाहेर नसत्या, तर सहाची वाट बघणंच त्याला महागात पडलं असतं आणि मारण्याची किंमत वाढली असती. तेही चांगला प्रोग्राम धरतो.

आणखी पुढचं बघायचं तर शक्यतांचं झाड फार झपाट्याने वाढतं. प्रत्येक पाळीला फाशाच्या सहा शक्यता, प्रत्येकीत जास्तीत जास्त चार चाली, म्हणजे चोवीस. चौघांची एक फेरी पुढे बघायची तर ३,३१,७७६ फांद्या. दोन फेऱ्या म्हणजे अकरा हजार कोटींच्या घरात. बुद्धिबळाचा प्रोग्राम समोरच्याची सर्वांत वाईट चाल गृहीत धरून चालतो, इथे फाशाच्या सहाही बाजूंची सरासरी काढत जावं लागतं. बॅकगॅमन हा लुडोचा लांबचा नातेवाईक, दोन फाशांचा. १९७९ साली माँटे कार्लोमध्ये हान्स बर्लिनर यांच्या प्रोग्रामने बॅकगॅमनचा विश्वविजेता लुइजी व्हिला याला ७–१ असं हरवलं. नंतर डाव तपासल्यावर बर्लिनर यांनीच सांगितलं की व्हिला चांगला खेळला होता, प्रोग्रामला फासे चांगले पडले. पुढे १९९२ च्या सुमारास आयबीएममधल्या जेराल्ड टेसॉरो यांचा प्रोग्राम स्वतःशीच लाखो डाव खेळून इतका तयार झाला की सुरुवातीच्या काही चालींबद्दल तज्ज्ञांना आपली मतं बदलावी लागली.

ऑनलाइन खेळात फासा तुमच्या फोनने टाकायचा नसतो, तो दूरच्या सर्व्हरवर पडतो. नाहीतर फोनमध्ये खटपट करून कुणीही दर वेळी सहा पाडेल. पैसे लावून खेळायचा लुडो कौशल्याचा की नशिबाचा, हा वाद २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि त्यात कौशल्य की नशीब हा भेदच ठेवला नाही. वरच्या ताऱ्याच्या उदाहरणावरून मला विचाराल तर लुडोत कौशल्य आहे, पण एका डावापुरतं ते फाशाखाली दबतं, शेकडो डावांत कुठे वर येतं.

मग आरोप खोटाच का? नाही. एक जागा अशी आहे जिथे संशय घ्यायला वाव आहे. कॉम्प्युटरला 'अवघड' करायचा सरळ मार्ग म्हणजे त्याला चांगला विचार करायला शिकवणं. त्याला मेहनत लागते. आळशी मार्ग म्हणजे त्याला फासे चांगले देणं. हे करायला प्रोग्रामच्या दोन ओळी पुरतात, आणि बाहेरून ते दिसत नाही.

पकडायचं कसं? सहा किती पडले ते मोजून फारसं हाती लागत नाही. साठ खेपांत सहा दहा वेळा यायला हवा, पण चार ते सोळा यांतलं काहीही आलं तरी फासा चोख असू शकतो. सहाशे खेपा मोजल्या तरी ८२ ते ११८ चालून जातात. शिवाय लबाड गेम सगळे आकडे सारख्या संख्येने पाडून फक्त नेमक्या वेळी नेमका आकडा देऊ शकतो. म्हणून मोजायचं ते वेगळंच. कॉम्प्युटरची पाळी आली की त्याने फासा टाकायच्या आधी बघा, किती आकड्यांवर तुमची सोंगटी मरते. एकावर मरत असेल तर वहीत एक षष्ठांश लिहा, दोनवर मरत असेल तर दोन षष्ठांश, एकावरही नसेल तर काही नाही. फासा पडल्यावर शेजारी लिहा की मारायचा आकडा पडला की नाही. डावामागून डाव लिहीत जा. साठेक धोक्याच्या पाळ्या झाल्या आणि डाव्या रकान्याची बेरीज समजा १२ आली, तर उजवीकडे ९, १४, १७ असं काहीही आलं तरी गेमवर बोट ठेवता येणार नाही. उजवीकडे २५ आले, तर मात्र "फसवायलंय" म्हणणाऱ्याचं म्हणणं वहीसकट खरं.